वाऱ्याला विचारून काडतूस

गेल्या महिन्यात एका लग्नाच्या पंगतीत तीन पोरांनी मला एकच प्रश्न विचारला. ‘सुभेदारसाहेब, स्नायपरचा सगळ्यात लांबचा नेम किती किलोमीटरचा?’ उत्तर देऊन टाकतो, म्हणजे आजचा तास मोकळा. २००९ साली अफगाणिस्तानातल्या हेल्मंडमध्ये एका ब्रिटिश सैनिकानं .३३८ लापुआ मॅग्नम या काडतुसानं २,४७५ मीटरवर मारलं. २०१७ मध्ये इराकात एका कॅनेडियन स्नायपरनं १२.७ मिलिमीटरच्या रायफलीनं ३,५४० मीटरवर, तो त्या वेळचा विक्रम. नंतर युक्रेनमधून त्याहून लांबचे दावे आले. झालं समाधान? आता विसरा हे आकडे. त्या ब्रिटिश गोळीला पोचायला सहा सेकंद लागले म्हणतात. सहा सेकंदांत साताऱ्यातल्या पोवई नाक्यावरचा माणूस तीनदा बेत बदलतो.

आणि वाटेत वारा. चाळकेवाडीच्या पठारावर उभं राहून बघा. एक पवनचक्की जोरात, शेजारची निवांत, तिसरी बंद. (ती वाऱ्यामुळं बंद की दुरुस्तीमुळं, ते वेगळं व्याख्यान.) गोळीला असे चार-पाच वारे वाटेत भेटतात. जोंधळ्याच्या मळ्यात ज्यांनी गोफण फिरवलीय त्यांना सांगायला नको. गुळगुळीत गोटा लांब जातो, ढेकूळ वाटेतच बसतं.

आज काडतुसांची तुलना करायची असं पत्रिकेत छापलंय. करतोच. पण आधी माझी जुनी खाज.

मी कोर्सला होतो. रायफल ड्रॅगुनोव्ह, म्हणजे रशियन स्नायपर रायफल, पल्ला सहाशे मीटर. माझा ग्रुप, म्हणजे टार्गेटवर गोळ्यांचा पुंजका, आडवा बरोबर, पण उभा वीतभर ताणलेला. एक गोळी वर, एक खाली. उस्ताद म्हणाले, ‘श्वास चुकतोय तुझा.’ मी श्वास धरला. परत तेच. मग रगडा. रायफल डोक्यावर, रेंजला चार फेऱ्या, मे महिन्याचं ऊन. रात्री जोडीदार पोटदुखीचं औषध द्यावं तसं सांगायला लागला, ‘डोळे मिटून घरचं देवघर आठव, श्वास आपोआप बसतो.’ सकाळी देवघर आठवून फायर केलं. एक वर, एक खाली! फौजींच्या गावची, अपशिंग्याची मंडळी समोर बसलीत, ती हसणारच. त्यांच्या घरात हे सगळ्यांचंच झालेलं असतं.

शेवटी त्याच जोडीदारानं रिकामी खोकी, म्हणजे झाडलेल्या काडतुसांची टरफलं, गोळा केली आणि बुडं उलटी करून बघितली. अर्ध्यांवर एक साल, अर्ध्यांवर दुसरं. दोन लॉट, म्हणजे वेगवेगळ्या वेळी बनलेला माल, एकाच पेटीत मिसळलेले! दारूचा जोर वेगळा, म्हणून गोळीचा वेग वेगळा. सेकंदाला वीस मीटरचा फरक पडला तर सहाशेवर वीतभर, आठशेवर हातभर. आमचा श्वास बिचारा निर्दोष. उस्तादांना जाऊन सांगितलं, तर म्हणाले, ‘रगड्यानं पाय तर बळकट झाले?’ आता यावर काय बोलणार.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की काडतुसाच्या नावाआधी लॉट बघा. रशियन लोकांनाही हे उशिरा कळलं. ड्रॅगुनोव्ह १९६३ ला सैन्यात आली, पण स्नायपरसाठी वेगळा बनवलेला राउंड, म्हणजे काडतूस, आला १९६७ मध्ये. चार वर्षं एवढी नेमबाज रायफल मशीनगनचा दाणा खात होती.

हां, चिठ्ठी आली. दहा मिनिटं. म्हणजे पाचच समजा.

७.६२ बाय ५१, नाटोचा. पहिला आकडा गोळीची जाडी, दुसरा खोक्याची लांबी, मिलिमीटरमध्ये. १७५ ग्रेनची, म्हणजे साधारण अकरा ग्रॅमची, स्पर्धेसाठी काटेकोर बनवलेली मॅच गोळी घेतली तर आठशेपर्यंत खात्रीचा सोबती. हजाराच्या आसपास वेग आवाजाच्या वेगाखाली यायला लागतो, तिथं गोळी डगमगते. उंचावर हवा विरळ म्हणून पल्ला वाढतो, पण थंडीनं दारू मंदावते. लडाखचं झिरोइंग, म्हणजे दुर्बिणीचा नेम गोळीशी जुळवणं, राजस्थानात चालत नाही. आपला ड्रॅगुनोव्हचा ७.६२ बाय ५४, तो तर १८९१ पासूनचा, बुडाला कड असलेला म्हातारा. त्याचंही साधारण तेवढंच.

.३३८ चं काम १९८३ ला अमेरिकेत सुरू झालं, खोकं पक्कं केलं फिनलंडच्या लापुआनं. २५० ग्रेनची गोळी, सेकंदाला नऊशे मीटर. हजार ते पंधराशेचं खरं काम तिचं, आणि २०१९ पासून आपल्याकडं ती नियंत्रण रेषेवर आहेच. १२.७ मूळचं मशीनगनचं. गाडी, रडार, भिंतीमागचं सामान यांच्यासाठी. माणसासाठी ते म्हणजे उंदरासाठी तोफ.

आणि वजन! शंभर राउंड ७.६२ चे अडीच किलो, .३३८ चे साडेचार, १२.७ चे अकराच्या पुढं. हे पाठीवर घेऊन डोंगर कोण चढणार, हा प्रश्न कॅटलॉगवाले विचारत नाहीत. ६.५ क्रीडमूरबद्दल बोलायचं होतं. २००७ ची, स्पर्धावाल्यांसाठी काढलेली, सडपातळ गोळी, वाऱ्याला कमी दबते, धक्का कमी. अमेरिकेच्या स्पेशल फोर्सनं उचलली. मला विचाराल तर आठशे ते बाराशेच्या मधली जागा तिचीच. पण नवा राउंड म्हणजे नवा पुरवठा, आणि पुरवठा म्हणजे परत लॉट.

दुसरी चिठ्ठी. बरं, बाकीचे प्रश्न बाहेर चहाला. फक्त ‘किती किलोमीटर’ हा सोडून.