पोलिसांनी जप्त केलेली गाडी केस संपेपर्यंत अडकते का? सुपूर्दनामा समजून घ्या

नमस्कार मंडळी.

चोरीला गेलेली बाइक सापडल्याचा पोलिसांचा फोन येतो. तुम्ही धावत ठाण्यात जाता, बाइक समोर उभी असते, पण नेता येत नाही. ती आता मुद्देमाल आहे. कोणीतरी सांगतं, "केस संपली की मिळेल." बरेच जण एवढं ऐकून घरी परततात आणि वर्षं निघून जातात.

एकदा ठाण्याचं मागचं आवार बघा. हँडलला बांधलेल्या लेबलवरचा गुन्हा रजिस्टर नंबर उन्हानं उडालाय, टायर मातीत रुतलेत, सीटवर वेल चढलीये. यातली कितीतरी वाहनं फिर्यादीची असतात, म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला त्याचीच. मला हे बघवत नाही, कारण कायदा असं सडवायला सांगतच नाही. खटला चालू असतानाही वस्तू अटींवर हक्कदाराच्या ताब्यात देता येते. ताबा घेताना लिहून द्यायचा कागद म्हणजे सुपूर्दनामा.

सुप्रीम कोर्टानं 2002 मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात हे स्पष्ट केलंय. त्यात ठाण्यात ठेवलेल्या मुद्देमालाची अफरातफर केल्याचा आरोप पोलिसांवरच होता. कोर्ट म्हणालं, वस्तू पंधरा दिवस ते एक महिना, याहून जास्त काळ ठाण्यात ठेवू नका. सविस्तर पंचनामा करा, फोटो काढा, बंधपत्र (अटी पाळण्याची लेखी हमी) घ्या आणि वस्तू हक्कदाराकडे द्या. दागिन्यांनाही हेच लागू आहे. चोरट्याकडून परत मिळालेलं मंगळसूत्र वर्षानुवर्षं कपाटात बंद ठेवायची गरज नाही.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत याला मुदतही आली. कलम 497 नुसार वस्तू कोर्टापुढे हजर झाल्यापासून 14 दिवसांत कोर्टानं तिचं वर्णन तयार करायचं, फोटो आणि गरज पडली तर व्हिडिओ काढून घ्यायचा. पुढच्या 30 दिवसांत तिचं काय करायचं याचा आदेश द्यायचा. ते फोटो खटल्यात पुरावा म्हणून चालतात. त्यामुळे "पुरावा आहे, देता येणार नाही" हे उत्तर सरसकट मान्य करू नका.

पण मुदत आहे म्हणून बसून राहू नका, अर्ज तुम्हीच करा. त्या ठाण्याची हद्द ज्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे आहे, तिथे मुद्देमाल परत मिळण्यासाठी अर्ज द्यायचा. वस्तू कोर्टात हजर केली नसेल, फक्त जप्तीचा रिपोर्ट गेला असेल, तर कलम 503 खाली. सोबत आरसी, विमा, ओळखपत्र, एफआयआरची प्रत आणि मिळाली तर जप्ती पंचनाम्याची प्रत जोडा. दागिन्यांची पावती नसेल तर ते अंगावर असलेला लग्नातला जुना फोटोही शोधा. कोर्ट पोलिसांचा आणि सरकारी वकिलांचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं, मागवतं. तो येईपर्यंत तारखा पडतात, तेव्हा तपास अधिकाऱ्यांना भेटून पाठपुरावा करा.

आदेश झाला की बंधपत्र आणि सुपूर्दनामा. सहसा अटी अशा असतात: गाडी विकायची नाही, रंग बदलायचा नाही, कोर्ट सांगेल तेव्हा हजर करायची. या अटी मनापासून पाळा, कारण सुपूर्दनाम्यावर फक्त ताबा मिळतो. मालकीचा वाद असेल तर तो यानं मिटत नाही. वस्तूचा अंतिम आदेश खटल्याच्या शेवटी होतो.

मोबाइलला मात्र वेळ लागू शकतो. तो न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तपासणीला गेला असेल तर अहवाल येईपर्यंत कोर्ट सहसा थांबतं.

आणि वाळूच्या गाडीवर तहसीलदारांनी कारवाई केली असेल, तर तो महसूल कायद्याचा मामला. तिथे दंड आणि बंधपत्राची प्रक्रिया महसूल खात्यातच चालते, म्हणून आधी जप्ती कोणी आणि कोणत्या कलमाखाली केली ते कागदावर वाचा.

अर्ज फेटाळला गेला, तर आदेशाची नक्कल लगेच मागा आणि सत्र न्यायालयात रिव्हिजनसाठी, म्हणजे त्या आदेशाच्या फेरतपासणीसाठी, वकिलांशी बोला.