हरणटोळाच्या एका नावाखाली किती साप?

श्रोतेहो, नव्या प्रजातीवर बोलताना मी मुद्दाम असा साप निवडला आहे, जो आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेला आहे. हिरवागार, दोरीसारखा बारीक, टोकदार नाकाचा आणि आडव्या बाहुलीच्या डोळ्यांचा हरणटोळ. त्याच्या जीनसचे, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या गटाचे, ‘अहेतुल्ला’ हे शास्त्रीय नाव सिंहली भाषेतून आले असून त्याचा अर्थ डोळे टिपणारा असा होतो; म्हणजे हरणटोळ डोळ्यांवर झेप घेतो हा लोकसमज थेट वर्गीकरणशास्त्रातच जाऊन बसला आहे. भारतीय द्वीपकल्पातील या सापाला दीर्घकाळ ‘अहेतुल्ला नासुता’ या एकाच नावाने ओळखले जात होते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले की या एका नावाखाली भारतातच पाच निरनिराळ्या प्रजाती वावरत होत्या आणि मूळचे ‘नासुता’ हे नाव मात्र श्रीलंकेतील सापापुरतेच उरते.

जो साप सर्वांना ठाऊक होता, तो ‘नवा’ कसा ठरतो? येथे ओळख पटवणे आणि प्रजातीचे वर्णन करणे या दोन कामांतील फरक लक्षात घ्यावा लागतो. ओळख पटवणारा माणूस समोरच्या सापाला आधीच ठाऊक असलेल्या नावांपैकी एक नाव देतो. वर्णन करणाऱ्याला मात्र उपलब्ध असलेले एकही नाव या सापाला लागू पडत नाही, हे सिद्ध करावे लागते. माझ्या मते दुसऱ्या कामातील खरे कष्ट जंगलात कमी आणि संग्रहालयात जतन केलेल्या सापांच्या बरण्यांसमोर अधिक पडतात.

सापाच्या अंगावरील खवले मोजणे ही या कामाची सुरुवात असते. पोटावरील रुंद खवले, शेपटीखालचे खवले, वरच्या ओठाचे खवले, आणि मानेजवळ, शरीराच्या मध्यावर व गुदद्वाराच्या थोडे आधी अशा तीन ठिकाणी पाठीवरील खवल्यांच्या ओळी मोजतात. ही मोजणी वाटते तितकी सरळ नाही. सापांमध्ये सहसा नराची शेपटी मादीपेक्षा लांब असते आणि तिच्याखालचे खवलेही अधिक भरतात. त्यामुळे एका ठिकाणचे नर आणि दुसऱ्या ठिकाणच्या माद्या घेऊन तुलना केली, तर नसलेली प्रजाती कागदावर सहज जन्माला येते. रंगाचे तर विचारूच नका, कारण जतन करण्याच्या द्रावात हिरवा हरणटोळ काही काळाने निळसर किंवा करडा दिसू लागतो. म्हणूनच जिवंतपणीचे छायाचित्र आणि रंगांची नोंद महत्त्वाची असते. त्याचप्रमाणे ऊतकाचा छोटा तुकडाही फॉर्मॅलिन हा जतनाचा द्राव वापरण्यापूर्वीच काढून शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवावा लागतो, कारण फॉर्मॅलिनमुळे डीएनएची हानी होते.

डीएनए हाती आला म्हणजे वाद मिटला, असा एक समज आहे. प्रत्यक्षात अमुक टक्के फरक दिसला की प्रजाती वेगळी, असा सर्वमान्य आकडा नाही. एकाच प्रजातीचे साप लांबलचक प्रदेशात पसरलेले असतील आणि संशोधकाने फक्त दोन टोकांचे नमुने घेतले असतील, तर मधली साखळी न दिसल्यामुळे फरक अकारण मोठा भासतो. हरणटोळाच्या बाबतीत विस्तीर्ण प्रदेशातून नमुने जमवले गेले आणि जनुकीय वंशवृक्षाच्या फांद्या, शरीराची ठेवण व अधिवास यांचा मेळ घातला गेला. सह्याद्रीच्या पावसाळी जंगलांतील साप आकाराने लहान आणि आखूड नाकाचे, तर सखल, कोरड्या प्रदेशातील साप मोठा आणि ठळक लांब नाकाचा, हा त्यातला सहज डोळ्यांत भरणारा भेद.

त्यानंतर नावांचा हिशेब येतो. प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार जुन्या वैध नावाला अग्रक्रम मिळतो, त्यामुळे पाचही सापांना नवी नावे देण्याची मुभा नव्हती. कोरड्या प्रदेशातील सापासाठी बेल यांनी १८२५ साली दिलेले ‘ऑक्सिरिंका’ हे नाव पुन्हा वापरात आले. दक्षिण सह्याद्रीतील सापासाठी फ्रँक वॉल यांचे १९१० मधील ‘इसाबेलिना’ हे नाव प्रजातीच्या दर्जाला चढले. ‘बोरिआलिस’, ‘फार्न्सवर्थी’ आणि ‘मलबारिका’ एवढी तीनच नावे नवी होती. अशा प्रत्येक नव्या नावासाठी होलोटाइप, म्हणजे ते नाव ज्याच्याशी कायमचे बांधले जाते असा एक नमुना, निश्चित करून तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे हेही जाहीर करावे लागते. पुढे कोणी या प्रजातीचेही विभाजन केले, तर नाव कोणत्या भागाकडे राहील हे त्या एका सापावरून ठरते. तो साप त्याच्या प्रजातीचा उत्तम प्रतिनिधी असलाच पाहिजे, असे मात्र नाही.

या पुनर्विचाराचा एक परिणाम संग्रहालयांनाही भोगावा लागतो. ‘नासुता’ अशी चिठ्ठी लावलेली प्रत्येक जुनी भारतीय बरणी आता उघडून तपासायला हवी. चिठ्ठीवर सापडल्याचे ठिकाण नेमके लिहिलेले असेल, तर काम बरेच सोपे होते. जिथे नुसते ‘दक्षिण भारत’ एवढेच लिहिले आहे, तिथे रंग उडालेला साप हातात घेऊन पुन्हा खवले मोजायला बसावे लागते.