आडनाव सोडा, वाडा धरा: चर्चच्या जुन्या वह्यांतले पूर्वज

मंडळी, गोव्यातल्या किंवा वसईतल्या ख्रिस्ती घराची वंशावळ काढायला बसलेला माणूस पहिल्यांदा फसतो तो आडनावाने. 'फर्नांडिस' एवढं भांडवल घेऊन तो चर्चमध्ये जातो, वही उघडतो, आणि पानोपानी फर्नांडिस. त्यात नवल नाही. सोळाव्या-सतराव्या शतकात धर्मांतर झालं तेव्हा बाप्तिस्म्याबरोबर नवं नाव मिळालं, आणि आडनाव बहुतेकदा पाद्रीनचं, म्हणजे धर्मपित्याचं, नाहीतर एखाद्या धर्मगुरूचं किंवा पोर्तुगीज अधिकाऱ्याचं लागलं. एकाच दिवशी बाप्तिस्मा झालेल्या, एकमेकांच्या नात्यातही नसलेल्या घरांना एकच आडनाव आणि सख्ख्या भावांना दोन वेगळी, असंही झालं. तेव्हा आडनाव एक म्हणजे भाऊबंद, हा आपला नेहमीचा हिशेब इथे लावू नका. वाडा, म्हणजे गावातली वस्ती, बघा, आणि पाद्रीन-मादरीन (धर्मपिता-धर्ममाता) कोण ते बघा.

या वह्यांचं मूळ ट्रेंटच्या धर्मपरिषदेत आहे. १५६३ साली तिथे ठरलं की प्रत्येक धर्मग्रामाने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीने, लग्नांची आणि बाप्तिस्म्यांची नोंद ठेवायची. मृत्यूच्या वहीचा नमुना १६१४ च्या रोमन विधिग्रंथात आला. म्हणून जुन्या चर्चमध्येही मृत्यूच्या वह्या बाप्तिस्म्याच्या वह्यांइतक्या मागे गेलेल्या नसल्या तर बिचकू नका.

सुरुवात मात्र चर्चपासून करायची नाही. गोव्यातल्या माणसाने आधी तालुक्याच्या नागरी नोंदणी कार्यालयात जावं. पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यावर १९११ साली नागरी नोंदणीचा कायदा झाला, आणि पुढे गोव्यातही जन्म, विवाह, मृत्यू सरकारदरबारी चढू लागले. तिथे मागायचा तो 'तेओर', म्हणजे मूळ नोंदीची शब्दशः नक्कल. 'नॅरेटिव्ह' मागाल तर गोषवारा मिळेल, आणि आपल्याला हवं ते, आजी-आजोबांची नावं, वाडा, साक्षीदार, नेमकं त्यातून गळलेलं असेल. तेओरवरून गाव आणि वाडा पक्का झाला की मगच चर्च. तिथेही सगळ्या वह्या असतीलच असं नाही. काही जुनी पुस्तकं पणजीच्या सरकारी पुराभिलेखात गेली आहेत. चर्चच्या कार्यालयात जाताना आधी पत्र द्यावं, आणि रविवारी तर मुळीच जाऊ नये.

वही हातात आली की घाईघाईने मधलं पान उघडू नका. पहिल्या पानावर वही सुरू केल्याचा लेख असतो आणि शेवटी ती बंद केल्याचा. एकूण पत्रं, म्हणजे दोन्ही बाजू धरून एक असे कागद, किती, ते त्यात लिहिलेलं असतं. मोजून बघा. लेखात दोनशे पत्रं आणि हातात एकशे ऐंशी, तर तुमचा पूर्वज त्या वीसात असू शकतो. क्रमांक पानाला नसून पत्राला असतो: बारा म्हणजे बाराची पुढची बाजू, मागची बाजू 'बारा पाठ'. उतारा घेताना हे लिहिलं नाही तर पुन्हा शोधायला अर्धा दिवस जातो.

सूची असलीच तर पोर्तुगीज वळणाची असते, म्हणजे पहिल्या नावाने लावलेली. फर्नांडिस 'फ'मध्ये नाही. कायतान फर्नांडिस 'क'मध्ये. त्यातही जुनं लेखन वेगळं. १९११ च्या पोर्तुगीज शुद्धलेखनाच्या सुधारणेआधी फिलिपचं पहिलं अक्षर पोर्तुगीजमध्ये 'फ'चं नसून 'प'चं असे, आणि इनासच्या नावात एक न उच्चारलेला 'ग' असे.

आता एक नोंद जवळून बघू. नमुन्यासाठी मीच रचलेली आहे, पण साचा हाच असतो: 'सतराशे ब्याण्णव सालच्या मार्च महिन्याच्या बाराव्या दिवशी या चर्चमध्ये मी, विगार अमुक, याने कायतान यास बाप्तिस्मा दिला. आंतोनियो फर्नांडिस आणि त्याची बायको मारिया, राहणार वरचा वाडा, यांचा औरस पुत्र. पाद्रीन पास्कोल रॉड्रिग्स, मादरीन त्याची बायको आना.' विगार म्हणजे चर्चचा धर्मगुरू. साल अक्षरांत लिहिलेलं, त्यामुळे आकड्यांचा घोळ नाही. पण मारियाला आडनावच नाही. अठराव्या शतकात बायकांच्या बाबतीत हे सर्रास दिसतं, आणि शोध अडतो तो बहुधा इथेच.

मारियाचं माहेर शोधायचं तर पास्कोलला धरा. पाद्रीन परका क्वचितच असतो; मामा, काका, आजोबा यांच्यापैकीच कोणी. याच जोडप्याच्या बाकीच्या मुलांच्या नोंदी काढा आणि सगळे पाद्रीन-मादरीन एका कागदावर मांडा. पाच मुलांपैकी तिघांना रॉड्रिग्स असेल तर मारियाचं लग्न रॉड्रिग्स मुलगी म्हणून शोधून बघा. हा अंदाज आहे, पुरावा नाही. पुरावा लग्नाच्या वहीत मिळायचा, आणि लग्न मुलीच्या गावच्या चर्चमध्ये लागलेलं असण्याचा संभव मोठा.

अक्षराची गोष्ट. लिहिणाऱ्याने शब्द तोडलेले असतात: रॉड्रिग्सचं 'रोइझ', फर्नांडिसची पहिली दोन-तीन अक्षरं आणि शेवटी एक झ, आंतोनियोचा अर्धा शब्द आणि वर चिकटवलेला छोटा 'ओ'. सगळ्यात महागात पडतात महिने. '७ब्र' दिसलं की नवखा माणूस जुलै लिहितो. तो सप्टेंबर आहे, कारण त्या नावातच लॅटिनमधलं सात (सेप्तेम) आहे. तसंच ८ब्र ऑक्टोबर, ९ब्र नोव्हेंबर, आणि दहाच्या जागी रोमन एक्स दिसला तर डिसेंबर. एकाच मुलाला दोन तारखा दिसल्या तर ती चूक समजू नका. मूल दगावेल अशी भीती असली की घरीच पाणी घालून बाप्तिस्मा होई, आणि पवित्र तेलाचा विधी नंतर चर्चमध्ये. त्याच आईबापांचे दोन कायतान सापडले तर मात्र मृत्यूची वही उघडा. पहिला लहानपणी गेला की त्याचं नाव पुढच्या मुलाला देत. दोघांना एक धरून चाललात तर पुढची अख्खी पिढी चुकते. मृत्यूच्या वहीतल्या वयावर विसंबू नका. साठ, सत्तर, ऐंशी असे गोल आकडे आले की विगाराने अंदाजाने लिहिलंय असं समजा.

समासातल्या टिपा वाचल्याशिवाय पान उलटू नये. १९०८ च्या ईस्टरपासून लागू झालेल्या पोपच्या आज्ञेनुसार लग्न झालं की त्याची टीप वधूवरांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी करायची होती. म्हणजे १८८५ साली जन्मलेल्या मुलाच्या नोंदीच्या कडेला १९१० सालचं मुंबईतलं लग्न सापडू शकतं, चर्चच्या नावासकट. मुंबईला गेला आणि हरवला, असं घरी सांगतात तो माणूस कित्येकदा या दोन ओळींत बसलेला असतो. दर्यावर्दी असेल तर त्याच्या गावाच्या कुडाची, म्हणजे धोबीतलावच्या बाजूला गाववाल्यांनी चालवलेल्या वसतिगृहाची, सदस्यांची वही मिळते का ते विचारा.

आता मला सर्वांत आवडणारी जागा: लग्नाच्या नोंदीतली सवलत. चर्चचा नियम १२१५ पासून १९१७ पर्यंत असा होता की चौथ्या पायरीपर्यंतचं रक्ताचं नातं असेल तर लग्नाला परवानगी लागते. पायरी मोजायची ती सामाईक पूर्वजापासून खाली. सख्खी भावंडं पहिली पायरी, आजोबा-आजी एक असतील तर दुसरी, पणजोबा-पणजी एक तर तिसरी, खापरपणजोबा तर चौथी. नोंदीत 'तिसऱ्या पायरीची सवलत' दिसली की प्रत्येकाच्या पणजोबा-पणजीच्या चार जोड्या मांडा. चार गुणिले चार, सोळा शक्यता; वाडा आणि पाद्रीन लावले की त्यातल्या दोन-तीनच उरतात. 'दुसरी आणि तिसरी' असं लिहिलं असेल तर एका बाजूला एक पिढी कमी आहे. ज्या घरांची त्याआधीची वहीच वाळवीने खाल्ली, त्यांना आणखी दोन पिढ्यांची नावं या एका ओळीवरून जुळवता येतात. परवानगीचा मूळ अर्ज टिकून असेल तर त्यात नात्याचा नकाशाच काढलेला सापडतो.

गोव्यात चर्चबाहेरचाही एक आधार आहे, कोमुनिदादचा, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या जुन्या संस्थेचा. गावकार, म्हणजे तिच्या हक्कदार, घराण्यांतले पुरुष वांगडावार (कुळावार) नोंदवलेले असत, बापापासून मुलाकडे. चर्चच्या वहीत दोन आंतोनियो असतील तर वांगड सांगतो कोणता आपला. गावकार नसलेल्या कुटुंबांना आणि बायकांना मात्र हा दरवाजा बंदच.

वसईकरांचं गणित वेगळं आहे. वसई १५३४ साली पोर्तुगिजांकडे आली, १७३९ साली चिमाजी आप्पांनी घेतली. त्या लढाईआधीच्या वह्या मिळतील या आशेवर वेळ घालवू नका, अशी माझी रोखठोक सूचना. त्यानंतरच्या काळासाठी धर्मप्रांत ध्यानात घ्या. १८८६ ते १९२८ हा भाग दमण धर्मप्रांतात होता, मग मुंबईत, आणि १९९८ पासून स्वतंत्र वसई धर्मप्रांतात. चर्च तेच, पण सवलतीचे अर्ज आणि पत्रव्यवहार त्या-त्या वेळच्या बिशपांच्या कार्यालयात. मुंबईत तर १९२८ पर्यंत पोर्तुगीज पाद्रुआदो (पोर्तुगालच्या हक्काखालची चर्चव्यवस्था) आणि रोमची प्रोपागांदा (थेट पोपच्या हाताखालची) अशा दोन सत्ता शेजारीशेजारी नांदत, किंवा खरं सांगायचं तर भांडत. घराजवळच्या चर्चमध्ये पूर्वज नाही मिळाला तर दुसऱ्या सत्तेच्या चर्चमध्ये बघा. जवळचं म्हणजे त्यांचं, असं नव्हतं.

वही हाताळताना पेन बाहेरच ठेवा, पेन्सिल चालेल. जुनी शाई लोहयुक्त आहे, तिनेच कागद जाळीदार केलाय. पान कोपऱ्याने उचललंत तर अक्षरांच्या ओळीवर फाटेल, म्हणून खालून हाताचा आधार द्या. फिकट अक्षरासाठी फ्लॅश नको. खिडकीजवळ वही तिरपी धरून फोटो काढा, तिरप्या उजेडात निबेची खाच दिसते. अक्षर उठून यावं म्हणून पाणी, लिंबू, खडू लावणारे महाभाग आजही भेटतात. त्यांना तिथून उठवा.

उतारा घेताना मूळ ओळ जिथे तुटली तिथेच तोडा आणि न लागलेला शब्द चौकोनी कंसात रिकामा सोडा, अंदाज आत घालू नका. कोणत्या वहीत, कोणत्या पत्रापासून कोणत्या पत्रापर्यंत, कोणत्या नावासाठी बघितलं आणि सापडलं नाही, तेही लिहा. सहा महिन्यांनी मारिया रॉड्रिग्स निघाली की तीच वही पुन्हा उघडावी लागेल, आणि तेव्हा कुठून सुरू करायचं ते त्या टिपणावरूनच कळेल.