पोर्ट्रेट डोळ्यांच्या उंचीवर लावा!

नमस्कार. विषय सांगितलाय तो इंग्रज चित्रकार मिलेनं रंगवलेली ग्लॅडस्टन आणि डिझरायली या एकोणिसाव्या शतकातल्या दोन ब्रिटिश पंतप्रधानांची पोर्ट्रेट्स, त्यावर येतोच, पण आधी एक गोष्ट बोलतो, बरीच वर्षं मनात साचलीये. मी एका गावी जुन्या सभागृहात गेलो होतो, तिथे एका मोठ्या पुढाऱ्याचं जुनं तैलचित्र आहे असं ऐकलं होतं म्हणून मुद्दाम गेलो. होतं की, पण कुठे, तर छताला लागून! वरून ट्यूबलाइटची चकाकी, फ्रेममध्ये खिळा ठोकून प्लास्टिकचा हार लटकवलेला आणि हाराखाली हनुवटी गायब. स्टूल मागितलं तर शिपाईदादा म्हणाले, "साहेब, फोटो आहे, खालूनच नमस्कार करा." त्यांची काही चूक नाही हो, आपण सगळ्यांनीच पोर्ट्रेटचा देव्हारा करून टाकलाय. मला खरंच वाईट वाटलं, कारण कुणीतरी त्या माणसासमोर तासन्‌तास उभं राहून ते रंगवलेलं असतं.

इथे कोण कोण पोर्ट्रेटच्या डोळ्याला डोळा भिडवून उभं राहिलंय? चार हात. बरं.

आता मिले. जॉन एव्हरेट मिले, वयाच्या अकराव्या वर्षी लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या शाळेत गेलेला पोरगा. त्याची पद्धत अशी की कॅनव्हास बसणाऱ्या माणसाच्या अगदी शेजारी ठेवायचा, मग मागे जायचं, दोघांना एकदम बघायचं, पुढे यायचं, ब्रश मारायचा, परत मागे. म्हणजे चित्र जन्मतःच माणसाच्या उंचीवर आणि माणसाच्या अंतरावर आहे, आणि तुम्ही ते छताला नेलंत की त्यातला अर्धा माणूस गेलाच! माझं म्हणणं इतकंच आहे, आणि मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात पोर्ट्रेट शिकलेल्या कुणालाही विचारा, तेही हेच सांगतील.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, भरभर सांगतो.

१८७९ चा ग्लॅडस्टन बघा. तेव्हा तो पंतप्रधान नाही, विरोधात आहे, पुढच्या वर्षी परत येणार आहे. काळा कोट, मागे काही नाही, ना खांब ना पडदा ना कागदांचा ढीग, हात पुढे एकमेकांत गुंफलेले, सगळा उजेड चेहऱ्यावर. वय सत्तरीला टेकलेलं, आणि मिलेनं ते लपवलेलं नाही.

आणि त्याचा कट्टर विरोधक डिझरायली, ज्याच्या सरकारनं १८७६ मध्ये राणी व्हिक्टोरियाला आपली, म्हणजे भारताची, सम्राज्ञी करण्याचा कायदा केला, तोही मिलेसमोरच उभा राहिला, १८८१ मध्ये, आजारी असताना. हाताची घडी, थकलेला चेहरा. १९ एप्रिलला तो गेला, चित्र अपुरं राहिलं, तरी राणीच्या इच्छेनं ते त्याच वर्षी रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात लागलं. आज दोघंही लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीच्या संग्रहात आहेत.

वेळ संपली, कळलं. चित्र दिसतंय तो पडदा जरा खाली घ्या, अजून, हं, डोळे आपल्या डोळ्यांसमोर आले पाहिजेत. आता दिवे घालवा आणि एक मिनिट नुसतं बघूया.