उघडलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवावी की ओट्यावर?

नमस्कार. माझ्यासमोर आत्ता टोमॅटो केचप, सोया सॉस, मेयोनीज, जॅम, घरी वाटलेली आले-लसणाची पेस्ट आणि कैरीच्या लोणच्याची बरणी मांडलेली आहे. यांतल्या बहुतेक विकतच्या बाटल्यांवर ‘उघडल्यानंतर फ्रीजमध्ये ठेवा’ असे बारीक अक्षरांत छापलेले असते, आणि तरीही प्रत्येक हॉटेलच्या टेबलावर केचपची बाटली दिवसभर उन्हाळ्यातसुद्धा बाहेरच उभी असते. मग ती सूचना पाळायची की नाही? माझे म्हणणे असे आहे की ही एकच सूचना दोन अगदी वेगळ्या कारणांसाठी छापलेली असते. काही पदार्थ फ्रीजबाहेर राहिले तर त्यांची चव आणि रंग बिघडतो, तर काही पदार्थ बाहेर राहिले तर ते खाणाऱ्याला आजारी पाडू शकतात. हा फरक ओळखता आला पाहिजे, आणि तो बाटलीत काय आहे यावरून बऱ्यापैकी ओळखता येतो.

जंतूंना वाढायला पाणी लागते, सोसवेल इतपतच आंबटपणा लागतो आणि ऊब लागते. फ्रीज फक्त ऊब काढून घेतो. पण पदार्थ पुरेसा आंबट असेल, किंवा त्यातले पाणी मिठाने वा साखरेने बांधून ठेवलेले असेल, तर फ्रीजचे बरेचसे काम आधीच झालेले असते. आंबटपणा पीएच या मापाने मोजतात. आकडा जितका लहान, तितका पदार्थ आंबट. अन्नशास्त्रात ४.६ ही सीमा फार महत्त्वाची मानतात, कारण बोट्युलिझम नावाची जीवघेणी विषबाधा करणारा जंतू त्याहून आंबट पदार्थात वाढू शकत नाही. दुसरे माप मोकळ्या पाण्याचे, म्हणजे जंतूंना प्रत्यक्ष वापरता येईल अशा पाण्याचे. शुद्ध पाण्यासाठी ते १ धरतात, आणि ०.८५ च्या खाली आजार पसरवणारे जिवाणू साधारणपणे वाढत नाहीत. बुरशी मात्र त्याहूनही कोरड्या पदार्थावर तग धरते, आणि म्हणूनच जॅमवर किंवा लोणच्यावर पहिल्यांदा दिसते ती बुरशीच.

आता केचप घ्या. ताज्या टोमॅटोचा पीएच ४.६ च्या आसपास, कधी थोडा वर तर कधी खाली असतो, म्हणजे टोमॅटो एकटा भरवशाचा नाही. व्हिनेगर घातल्यावर केचपचा पीएच ४ च्याही खाली येतो, शिवाय साखर आणि मीठ असतेच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बेन्झोएट या परिरक्षकावरून, म्हणजे पदार्थ टिकवण्यासाठी घातल्या जाणाऱ्या रसायनावरून, मोठा वाद झाला, तेव्हा हाइन्झ कंपनीने पिकलेले टोमॅटो आणि अधिक व्हिनेगर व साखर वापरून परिरक्षकाशिवाय टिकणारे केचप बाजारात आणले. आज आपल्याकडच्या बाटल्यांच्या मागे घटकांच्या यादीत आयएनएस २११ असा क्रमांक दिसला, तर तो सोडियम बेन्झोएट असतो. याच हाइन्झने २०२३ च्या जूनमध्ये ब्रिटनमधल्या ग्राहकांना केचप फ्रीजमध्येच ठेवायचे असते असे समाजमाध्यमावर ठणकावून सांगितले आणि त्यावर लोकांत चांगलाच वाद रंगला. खरे पाहता दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. बाहेर ठेवलेल्या केचपने माणूस आजारी पडण्याची शक्यता फारच कमी असते; पण त्याचा लाल रंग तपकिरी होत जातो, वरती पाणी सुटते आणि चव उतरते.

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या सल्ल्याप्रमाणे उघडलेले केचप फ्रीजबाहेर साधारण एक महिना आणि फ्रीजमध्ये साधारण सहा महिने चांगले राहते. मात्र असे सल्ले वाचताना एक गोष्ट विसरू नये. त्यांच्या स्वयंपाकघराचे तापमान वीस-बावीस अंशांच्या आसपास धरलेले असते, आणि नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असताना गॅसजवळचा ओटा किती तापतो हे तिथल्या गृहिणींना सांगावे लागत नाही. तापमान दहा अंशांनी वाढले की पदार्थ बिघडवणाऱ्या रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. त्यामुळे तो एक महिना आपल्या उन्हाळ्यात दोन आठवड्यांपेक्षाही कमी धरावा, असे मी म्हणेन. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात उष्णता कमी असली तरी हवेतला ओलावा बाटलीच्या तोंडाशी वाळलेल्या सॉसला पुन्हा ओला करतो आणि तिथेच बुरशी धरते. लंडन किंवा टोरांटोला राहणाऱ्या आपल्या मंडळींनी केचप कपाटात ठेवले आणि ते टिकले, तर त्यावरून सोलापूरच्या आईला सल्ला देऊ नये.

सोया सॉसबद्दल फार बोलायला नको. त्यात साधारण पंधरा-सोळा टक्के मीठ असते, त्यामुळे तो बाहेरही सुरक्षित राहतो; महिनोन् महिने वापरायचा असेल तर वास टिकावा म्हणून फ्रीजमध्ये ठेवावा. व्हिनेगरला फ्रीज लागतच नाही. मध फ्रीजमध्ये ठेवूच नये, कारण थंडीने तो लवकर साखरतो. जॅममध्ये आपल्याकडच्या नियमाप्रमाणे विद्राव्य घनपदार्थ, म्हणजे त्यातल्या पाण्यात विरघळलेले घटक, किमान ६५ टक्के लागतात आणि त्यात बहुतांश साखर असते, म्हणून नेहमीचा जॅम काही काळ बाहेर तग धरतो. कमी साखरेचा म्हणून जो विकला जातो, त्याचे संरक्षणच काढून घेतलेले असते. तो उघडल्या दिवसापासून फ्रीजमध्ये हवा. हाच हिशेब घरच्या साखरांब्याला आणि गुळांब्यालाही लागू आहे. पक्का पाक असलेला साखरांबा वर्षभर टिकतो. पण आजकाल गोड कमी हवे म्हणून साखर अर्धी केलेला साखरांबा आजीच्या बरणीसारखा टिकेल अशी अपेक्षा धरू नये.

मेयोनीजविषयी मात्र नीट विचार करायला हवा, कारण त्याच नावाखाली दोन वेगळे पदार्थ खाल्ले जातात. कारखान्यात बनलेल्या मेयोनीजमध्ये एकतर पाश्चराइज केलेले, म्हणजे जंतू मरतील इतपत तापवलेले, अंडे असते किंवा आपल्याकडे लोकप्रिय असलेल्या प्रकारात अंडे नसतेच, आणि त्याचा आंबटपणाही मोजून राखलेला असतो. गाडीवर किंवा छोट्या हॉटेलात कच्चे अंडे फेटून केलेल्या मेयोनीजमध्ये साल्मोनेला जंतू असण्याचा धोका असतो, आणि आंबटपणा पुरेसा आहे की नाही हे कोणी मोजलेले नसते. तेलंगणा सरकारने २०२४ च्या ऑक्टोबरअखेरीस आणि तमिळनाडू सरकारने २०२५ च्या एप्रिलमध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर एक वर्षाची बंदी घातली, ती याच कारणाने. हे मेयोनीज बनवायचेच असेल तर लागेल तेवढेच करावे, लगेच संपवावे आणि उरलेले दुसऱ्या दिवशीसाठी ठेवू नये. विकतचे मेयोनीज उघडल्यानंतर फ्रीजमध्येच ठेवावे आणि त्यात चमचा कोरडाच घालावा.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा व्हिडिओ करायला घेतला, तिच्याकडे येतो. तेलात बुडवलेला लसूण. लसूण जमिनीखाली वाढतो, त्यामुळे त्याच्यावर बोट्युलिझमच्या जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याची सुप्त, चिवट रूपे, असू शकतात. लसणात आंबटपणा कमी, ओलावा भरपूर, आणि वरून तेल ओतले की हवा बंद होते. या जंतूला नेमकी हवा नको असते. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात एका रेस्टॉरंटमध्ये खाल्लेल्या सँडविचमधून ३६ जणांना बोट्युलिझम झाला आणि तपासात फ्रीजबाहेर ठेवलेला, तेलातला चिरलेला लसूण सापडला. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या किंग्स्टन इथे तशाच लसणामुळे तिघे आजारी पडले, आणि त्यानंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने असा लसूण आम्लयुक्त केल्याशिवाय विकायला मनाई केली. या विषाला वास नाही, चव नाही, आणि पदार्थ बघून काही कळत नाही. ‘वास घेऊन पाहिला, चांगला आहे’ ही आपल्या घराघरांतली कसोटी इथे पूर्णपणे निरुपयोगी ठरते.

म्हणून घरी वाटलेली आले-लसणाची पेस्ट, वर तेलाचा थर असला तरी किंबहुना तो आहे म्हणूनच, ओट्यावर ठेवू नये. ती फ्रीजमध्ये ठेवून आठवड्याच्या आत संपवावी. जास्त केली असेल तर छोट्या वड्या करून फ्रीझरमध्ये ठेवावी. घरी केलेली शेजवान चटणीही याच वर्गातली आहे, कारण तिच्यात लसूण आणि तेल दोन्ही सढळ हाताने पडतात. विकतच्या पेस्टमध्ये आम्ल घातलेले असते, तरी उघडल्यावर तिलाही फ्रीज लागतो. भाकरीबरोबर खायची सुक्या खोबऱ्याची लसूण चटणी मात्र वेगळी. ती नीट भाजून कोरडी केलेली असेल तर तिच्यात जंतूंना वापरायला पाणीच उरत नाही. तिला भीती असते ती खोबरे खवट होण्याची.

मग कोणी विचारेल की कैरीच्या लोणच्यावरही तेलाचा थर असतो, ते कसे चालते? ते चालते कारण कैरी मुळातच अतिशय आंबट असते, त्यात भरपूर मीठ पडलेले असते, आणि तेलाचे काम तिथे फक्त वरची हवा अडवून बुरशी येऊ न देण्याचे असते. फोडी तेलाखाली बुडालेल्या हव्यात, बरणी कोरडी हवी आणि चमचा कधीही ओला किंवा उष्टा नको. बरणीला दादरा बांधून ती उंच फडताळात ठेवणाऱ्या आणि रोजच्या वापरासाठी लहान बरणीत थोडे काढून घेणाऱ्या बायकांनी ही शिस्त पिढ्यान्पिढ्या पाळली आहे. पण रक्तदाबासाठी मीठ कमी केलेले, वजनासाठी तेल कमी केलेले, गाजर-फ्लॉवरचे झटपट लोणचे हे त्या बरणीतले लोणचे नव्हे. ते फ्रीजमध्येच हवे. आणि बुरशी दिसली तर वरचा थर काढून खालचे वापरण्याची सवय सोडावी, कारण काही बुरशींचे विष दिसणाऱ्या थराच्या खालीही उतरलेले असते.

हॉटेलातल्या केचपकडे पुन्हा एकदा बघू. ती बाटली बाहेर टिकते, कारण ती दिवसा-दोन दिवसांत संपते. मला खरी काळजी वाटते ती पाणी घालून वाढवलेल्या सॉसची. पाणी घातले की आंबटपणा, मीठ आणि साखर तिन्ही पातळ होतात, आणि न धुता पुन्हा पुन्हा भरलेल्या बाटलीत जुना सॉस तळाशी तसाच राहतो. अशा बाटलीचे झाकण उघडताना फसफस आवाज आला किंवा बुडबुडे दिसले, तर आत यीस्टने आंबवायला सुरुवात केलेली आहे असे समजून ती बाजूला ठेवावी. चिंच-खजुराची चटणी पातळ ठेवल्यावर घरीही हेच होते.

शेवटी, जिथे दिवसातले कित्येक तास वीज जाते त्या गावांसाठी. अमेरिकेच्या सरकारी अन्नसुरक्षा मार्गदर्शनात असे म्हटले आहे की मेयोनीज दहा अंशांहून अधिक तापमानात आठ तासांपेक्षा जास्त राहिले असेल तर टाकून द्यावे. केचप, मोहरीचा सॉस, जॅम आणि व्हिनेगरमधली लोणची मात्र ठेवता येतात. म्हणजे फ्रीज लहान असेल किंवा भरवशाचा नसेल, तर आतली जागा मेयोनीजला, आले-लसणाच्या पेस्टला, ओल्या हिरव्या चटणीला आणि कमी साखरेच्या जॅमला द्यावी, आणि सोया सॉस, व्हिनेगर व मिठा-तेलात नीट मुरलेले लोणचे निर्धास्तपणे बाहेर काढावे. केचपला जागा उरली तर उत्तम. नाही उरली तर लहान बाटली आणावी आणि उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवावी.