पाणंदीचा रस्ता होताना

नमस्कार श्रोतेहो.

कोल्हापूरच्या दक्षिणेला, कळंबा, पाचगाव, मोरेवाडीच्या बाजूला ज्यांचं बालपण गेलं, त्यांना पाणंद म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. दोन्ही बाजूंना शेताचे बांध आणि मधून एक बैलगाडी जाईल एवढी वाट. समोरून दुसरी गाडी आली तर कुणीतरी बैल मागं घ्यायचे, बांधाला चाक लावून थांबायचे, दोन शब्द बोलायचे आणि पुढं जायचे. शेतीला तेवढी वाट पुरत होती. खत न्यायचं, वैरण आणायची, वर्षातून एकदा ऊस बाहेर काढायचा. पाणंद त्या कामासाठीच होती.

आज त्याच पाणंदीवर डांबर आहे, कुठं काँक्रीट आहे, आणि तिच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन मजल्यांची घरं आहेत. रुंदी मात्र बैलगाडीचीच राहिली. आपल्या शहराच्या वाहतुकीबद्दल आज जे बोलायचं आहे, त्याचं मूळ मला या एका गोष्टीत दिसतं.

माझं स्वतःचं घर अशाच एका वसाहतीत आहे. जागा घेताना कागदावर दाखवलेला नकाशा अजून माझ्याकडं आहे. त्यात घरासमोर चांगला नऊ मीटरचा रस्ता आखलेला आहे. प्रत्यक्षात पलीकडच्या शेताचा मालक वेगळा. त्याच्या जागेतून जाणारा अर्धा रस्ता कधी झालाच नाही, कारण त्यानं तो द्यायचं कबूलच केलेलं नव्हतं. आम्ही दहा-बारा कुटुंबं तशीच राहायला आलो. एका पावसाळ्यात रात्री वडिलांना छातीत दुखायला लागलं. रुग्णवाहिका वेळेत आली, पण वळणावरच अडली. आम्ही वडिलांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चिखलातून दीडशे पावलं उचलून नेलं. ते वाचले. पण ती दीडशे पावलं मी विसरू शकत नाही. आज मी बोलायला बसलो आहे तो त्यामुळंच.

हे असं का झालं, याचं पहिलं कारण आपली नदी आहे. पंचगंगा शहराच्या पश्चिमेकडून आणि उत्तरेकडून वळसा घालून जाते. त्या बाजूला वाढायला वाव कमी. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैमध्ये ५६ फुटांच्या वर. साहजिकच ज्याला परवडेल ती कोरडी जागा शोधत माणूस दक्षिणेला आणि पूर्वेला सरकला. उचगाव, सरनोबतवाडी, मोरेवाडी, पाचगाव, कळंबा. माळाची जमीन, पुराचं भय नाही आणि शहरापेक्षा स्वस्त. यात लोकांचं काहीही चुकलं नाही. निवारा शोधणाऱ्याला दोष देणं मला पटत नाही.

दुसरं कारण हद्द. आपली नगरपालिका १८५४ ची. महापालिका झाली १५ डिसेंबर १९७२ ला. क्षेत्रफळ ६६.८२ चौरस किलोमीटर. त्यानंतर अर्धं शतक उलटलं तरी ती रेघ होती तिथंच राहिली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या जवळपास आली, पण रेघेच्या बाहेर जे शहर उभं राहिलं, ते त्या आकड्यात नाही. रेघेच्या अलीकडच्या बाजूला महापालिका, पलीकडे ग्रामपंचायत. मधे गटार येऊन थांबतं, दिवे येऊन थांबतात. मोटारसायकल मात्र थांबत नाही. सकाळी ती पाचगावातून निघते आणि भर शहरात बिंदू चौकात पोचते.

आजूबाजूची गावं महापालिकेत घ्यायची की नाही, या हद्दवाढीच्या वादात मी दोन्ही बाजूंची माणसं ऐकली आहेत. गावातला माणूस विचारतो, आमचा घरफाळा वाढणार, शेतीवर आरक्षणं पडणार, ग्रामपंचायत जाणार, आणि शहरात जे आहेत त्यांना तरी काय मिळालं? हा प्रश्न खोटा नाही. शहरातला माणूस म्हणतो, पाणी आमचं, दवाखाने आमचे, रस्ते आमचे, आणि कर दुसरीकडं. हेही खोटं नाही. या भांडणातून २०१७ मध्ये ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण आलं. हद्द न वाढवता नियोजन तरी एकत्र व्हावं, अशी ती कल्पना. मला वाटतं, हद्द आज वाढो की दहा वर्षांनी, रस्ता तोवर वाट बघू शकत नाही. घर एकदा बांधलं की पन्नास वर्षं हलत नाही.

आपल्या गावात हे काम चांगलं झाल्याचा दाखला हवा असेल तर राजारामपुरीत जा. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, तिसरी, असं करत चौदावी गल्ली. नाव विचारायची गरज नाही, आकडा सांगितला की माणूस पोचतो. गल्ल्या एकमेकींना समांतर, मधून मोठा रस्ता, एका बाजूनं शिरलं की दुसऱ्या बाजूनं बाहेर पडता येतं. त्याआधी शाहू महाराजांच्या काळात, १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली गेली, रेल्वे आल्यानंतर चारच वर्षांनी. स्टेशनजवळ व्यापार येणार हे ओळखून पेठेची जागा ठरली. या दोन्ही ठिकाणी आधी रस्ता आखला, मग घरं आली. संस्थानाच्या काळी मोटारी बोटांवर मोजण्याएवढ्या होत्या, आणि तरी त्या माणसांनी आखलेले रस्ते आज आपला भार वाहतात. आपण मात्र त्याच राजारामपुरीत इमारतीच्या तळघरात पार्किंग दाखवायचं आणि तिथं दुकान काढायचं, आणि गाड्या रस्त्यावर, असं करून ठेवलं. मला याचं फार वाईट वाटतं.

आता जरा कायद्याकडं येतो, कारण इथंच बहुतेकांची फसगत होते. १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा आहे. त्याखाली विकास आराखडा होतो. आराखड्यात रस्ता, शाळा, मैदान, भाजी मंडई यांच्यासाठी खासगी जमिनीवर आरक्षण टाकतात. नकाशा रंगीत होतो, आपल्याला वाटतं काम झालं. पण आरक्षण टाकणं आणि जमीन ताब्यात घेणं या दोन वेगळ्या गोष्टी. आराखडा लागू होऊन दहा वर्षं झाली आणि जमीन घेतली गेली नाही, तर त्या कायद्याच्या कलम १२७ प्रमाणं मालक नोटीस देऊ शकतो, की एकतर जमीन घ्या नाहीतर आरक्षण सोडा. नोटीस मिळाल्यापासून चोवीस महिन्यांत पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण उठतं. पैसे नसलेल्या पालिकांची कितीतरी मैदानं आणि रस्ते असे हातचे गेले आहेत. मालकाचंही चूक म्हणता येत नाही. दहा वर्षं त्यानं स्वतःच्या जमिनीवर काही करायचं नाही, आणि मोबदलाही नाही, हा कसला न्याय?

याला दुसरी वाट आहे, आणि ती याच कायद्यात आहे. नगररचना योजना, म्हणजे ज्याला कचेरीत टीपी स्कीम म्हणतात. शेतकरी श्रोत्यांना ही चटकन कळेल, कारण आपल्या वाडवडिलांच्या काळात जमिनींचं एकत्रीकरण झालेलं आहे, तुकडेजोड झालेली आहे. तसंच काहीसं. एका भागातल्या सगळ्या जमिनी कागदावर एकत्र धरायच्या. त्यातून रस्ते, बाग, शाळा यांच्यासाठी प्रत्येकाचा थोडा थोडा हिस्सा काढायचा. उरलेली जमीन प्रत्येकाला परत, पण आता चौकोनी आणि रस्त्याला लागून. क्षेत्र कमी होतं, किंमत वाढते. एकाचीच सगळी जमीन रस्त्यात गेली आणि शेजारी कोट्यधीश झाला, असं होत नाही. अहमदाबादनं शहराभोवतीचा ७६ किलोमीटरचा सरदार पटेल रिंगरोड काढताना जमीन बऱ्याच अंशी याच मार्गानं मिळवली. आणि पुण्याजवळ मगरपट्ट्यात तर शेतकऱ्यांनीच आपली चारशे एकराच्या आसपासची जमीन एकत्र करून, ती न विकता, स्वतः नगर उभं केलं. आपल्याकडं सहकार रक्तात आहे. साखर कारखाने आपण काढले, दूध संघ काढले. शंभर शेतकऱ्यांनी ऊस एकत्र गाळायला टाकावा आणि जमीन मात्र गुंठ्या-गुंठ्यानं विकावी, हे मला समजत नाही.

उड्डाणपुलांबद्दल लोक विचारतात. महामार्गावरच्या तावडे हॉटेलपासून शहरात येताना दाभोळकर कॉर्नरपर्यंत जी रखडपट्टी होते, ती सगळ्यांनीच भोगली आहे. एखाद्या ठिकाणी पूल लागेलही. पण पूल गाड्यांना एका चौकातून उचलून पुढच्या चौकात ठेवतो. पुढचा रस्ता व्हीनस कॉर्नरचा, नाहीतर महाद्वार रोडचा असेल, तर गर्दी तिथं साठणार. एवढंच त्यावर.

माझा जास्त जीव केएमटीत, म्हणजे महापालिकेच्या बससेवेत आहे. एक बस भरली की चाळीस-पन्नास माणसं. तीच माणसं मोटारसायकलींवर निघाली तर चाळीस मोटारसायकली, आणि त्या उभ्या करायला जागाही चाळीस. पण बस तेव्हाच चालते जेव्हा लोकांना वेळ बघावी लागत नाही. पाऊण तासानं येणाऱ्या बससाठी कुणी थांबत नाही. मग वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी खासगी गाडी येते, रिक्षा येते, आणि पोरगं अकरावीत गेलं की घरात गाडी येते. बस रिकामी पडते, तोटा होतो, म्हणून फेऱ्या कमी करतात, आणि त्यामुळं ती आणखी रिकामी पडते. हे चक्र उलटं फिरवायचं असेल तर बसला नव्या वसाहतीत शिरता आलं पाहिजे. आणि श्रोतेहो, ज्या पाणंदीत रुग्णवाहिका वळत नाही, तिथं बस कुठून वळणार? रस्त्याची रुंदी ठरते त्या दिवशीच त्या वसाहतीत बस कधी येणार की नाही हेही ठरून जातं.

अलीकडं यात आणखी एक भर पडली आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, आपल्याकडं सुरू झालं. कितीतरी वर्षांची मागणी पुरी झाली, सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि आपण, असे सहा जिल्हे. आता त्या जिल्ह्यांतले वकील, पक्षकार, साक्षीदार इथं येणार, राहणार, जेवणार. काम सध्या सीपीआर रुग्णालयासमोर, भाऊसिंगजी रोडवर चालतं. म्हणजे अंबाबाईच्या दर्शनाला येणारा भाविक, दवाखान्यात आलेला रुग्ण आणि कोर्टात आलेला पक्षकार, तिघं एकाच किलोमीटरभरात. कायमची इमारत शेंडा पार्कला व्हायची आहे. शेंडा पार्क म्हणजे आमच्या मोरेवाडी-पाचगावच्या तोंडावर. कोर्ट आलं की त्याच्याभोवती वकिलांची कार्यालयं येतात, लॉज येतात, झेरॉक्सची दुकानं येतात, हॉटेलं येतात. शाहूपुरी वसवताना स्टेशनकडं बघून जो विचार झाला, तो आज शेंडा पार्ककडं बघून व्हायला हवा, आणि पहिली वीट चढायच्या आधी व्हायला हवा.

पुराचंही एक सांगायचं राहिलं. २०१९ ला शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि शहर कित्येक दिवस तुटलं. पेट्रोल नव्हतं, दुधाचं संकलन थांबलं. नदीकाठी निळी रेषा आणि लाल रेषा आखतात. पंचवीस वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्याची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नाही. पण आपण रस्त्यांना हा नियम लावून बघत नाही. उंच भराव टाकून रस्ता केला की तो पाण्याला आडवा बांध होतो. आणि पश्चिमेला शिवाजी पूल बघा. एकोणिसाव्या शतकातला दगडी पूल. शेजारचा नवा पूल जवळच्या ब्रह्मपुरी टेकडीच्या पुरातत्त्वीय संरक्षणामुळं कित्येक वर्षं अर्धा उभा राहिला. त्या काळातच, २०१८ च्या २६ जानेवारीच्या रात्री, जुन्या पुलाचा कठडा तोडून मिनीबस नदीत गेली आणि १३ माणसं गेली. नवा पूल वाहता झाला तो त्यानंतर.

या शहरातल्या माणसाला रस्त्याची चाड नाही असं कुणी म्हणू नये. शहरातल्या रस्त्यांवर टोल बसला तेव्हा प्राध्यापक एन. डी. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभं कोल्हापूर रस्त्यावर आलं, वर्षानुवर्षं लढलं, आणि २०१५ संपता संपता टोल गेला. म्हातारी माणसं उन्हात चालली. मी त्या मोर्चांत होतो. तेवढी माणसं एखाद्या विकास आराखड्याच्या सुनावणीला आलेली मी अजून पाहिलेली नाहीत.

आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचना द्यायला मुदत असते, आणि नकाशा बघण्यासाठी खुला असतो. तिथं जाताना आपला सात-बारा किंवा मिळकत पत्रिका आणि गट नंबर बरोबर ठेवा. आपलं घर कुठं आहे ते नकाशावर शोधा, आणि मग आपल्या दारातला रस्ता बोटानं पुढं नेत बघा, तो मोठ्या रस्त्याला कुठं मिळतो की मधेच थांबतो. थांबत असेल तर कुठल्या गटात थांबतो ते लिहून घ्या. शेजाऱ्यांना बोलवा, त्या गटाच्या मालकालाही बोलवा, आणि एकच अर्ज सगळ्यांच्या सह्यांनी द्या. आमच्या वसाहतीत आम्ही तेच करतो आहोत. पलीकडच्या शेताचे मालक परवा आमच्या घरी चहाला आले होते. जमीन फुकट देणार नाही म्हणाले, आणि ते बरोबर आहे. पण सगळ्यांचीच थोडी थोडी जात असेल तर बोलू, असंही म्हणाले. पुढच्या रविवारी आम्ही टेप घेऊन ती पाणंद मोजणार आहोत.

नमस्कार.