कडक ऊन, कडक चहा आणि नववीचं इंग्रजी

मंडळी, कूलर बंद नका करू, राहू द्या. मी मोठ्यानं बोलतो. तीस-पस्तीस वर्षं वर्गात दुसरं केलंय काय!

मागच्या फलकावर लिहिलंय ‘हायस्कूलसाठी प्रगत इंग्रजी शब्दसंग्रह’. विषय मीच दिला होता, पण आता त्यातला ‘संग्रह’ खटकतोय. संग्रह माळ्यावरच्या पितळी भांड्यांचा असतो. दिवाळीला खाली काढायची, चिंच लावून घासायची, परत वर ठेवायची. आपल्या पोरांचे इंग्रजी शब्द तसेच झालेत. परीक्षेपुरते खाली येतात.

एक गोष्ट सांगतो. माझ्या काही जुन्या विद्यार्थ्यांनी ती ऐकली आहे, त्यांनी तेवढ्यात पाणी पिऊन यावं. नववीतला एक पोट्टा होता, आपल्या महाल भागातला. चुणचुणीत. संध्याकाळी एका क्लासला जायचा. तिथे ‘पाचशे अवघड शब्द’ नावाची झेरॉक्स वाटली होती. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठीत एकच अर्थ, रोज वीस पाठ. एक दिवस त्यानं माझ्याकडे रजेचा अर्ज दिला. कागद दुमडलेला, अक्षर सुरेख. त्यात लिहिलं होतं, ‘माय ग्रँडमदर इज ऑब्सोलीट अँड सिक.’

मी विचारलं, “बाबा रे, हे काय?” तो म्हणाला, “सर, ओल्ड सोपा आहे ना, म्हणून भारी शब्द टाकला.” यादीत खरंच तसं होतं. ऑब्सोलीट म्हणजे जुना. संपलं.

चूक माझीही आहे. तो अर्ज मी शिक्षकखोलीत वाचून दाखवला. सगळे हसले. पोराला कळलं, आणि पुढचा महिनाभर त्यानं इंग्रजीत एक ओळ स्वतःहून लिहिली नाही. शेवटी मी त्याच्या घरी गेलो. आजी बऱ्या झाल्या होत्या, अंगणात सांडगे घालत बसल्या होत्या. त्यांनीच विचारलं, “गुरुजी, यानं माह्याबद्दल काय लिवलं होतं?” मी भीत भीत सांगितलं, “आजी, त्या शब्दाचा अर्थ होतो, आता वापरात नसलेली वस्तू.” त्यांनी हातातला सांडगा खाली ठेवला. म्हणाल्या, “मंग सकायपासून या घरचे भांडे कोन घासून राह्यलं?”

शब्दाचा अर्थ यापेक्षा चांगला मी कधी शिकवला नाही. टाइपरायटर ऑब्सोलीट होतो, पेजर होतो. आजी होत नाही. तिला एल्डर्ली म्हणा.

माझं म्हणणं इतकंच की शब्द एकटा पाठ होत नाही, तो सोबतीनं येतो. आपण नागपूरचे, तेव्हा ‘कडक’ घ्या. कडक ऊन, कडक चहा, कडक मास्तर. इंग्रजीत उन्हाला स्कॉर्चिंग, चहाला स्ट्राँग, मास्तराला स्ट्रिक्ट. यादीत ‘स्ट्रिक्ट म्हणजे कडक’ एवढंच वाचलेला मुलगा उद्या टपरीवर स्ट्रिक्ट चहा मागेल. वहीत ‘स्ट्रिक्ट’ लिहूच नका, ‘स्ट्रिक्ट टीचर’, ‘स्ट्रिक्ट रूल्स’ असं जोडीनं लिहा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे जे सांगायला आलो ते आता धावत.

कोणते शब्द? झेरॉक्समधले नव्हे. न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली अभ्यासाच्या पुस्तकांत वारंवार येणाऱ्या 570 शब्दकुळांची, म्हणजे एकाच मुळातून निघालेल्या शब्दांच्या गटांची, यादी प्रसिद्ध केली. अनालाइज, फॅक्टर, सिग्निफिकंट असले शब्द. विज्ञानात लागतात, इतिहासातही लागतात. नववी-दहावीला आधी हे.

दुसरं, कूळ ओळखा. मराठी माध्यमाच्या पोरांना इथे घरचीच शिदोरी आहे. ‘अमृत’ फोडा: अ आणि मृत. ‘इम्मॉर्टल’ फोडा: इम आणि मॉर्टल. तोच नकार, तोच मृत. ‘इम्मॉर्टल’ लॅटिनमधून आलाय, आणि संस्कृत आणि लॅटिन लांबच्या बहिणी आहेत. मग मॉर्टॅलिटी, मॉर्च्युरी, पोस्टमॉर्टेम आपसूक येतात. विषय जरा अशुभ झाला, पण आठवणीत राहील.

तिसरं, उजळणी. हर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसानं स्वतःवरच प्रयोग करून 1885 मध्ये दाखवलं की पाठ केलेलं पहिल्या दिवसातच भराभर गळतं. म्हणून वीस शब्द एका रात्रीत नको. पाच घ्या, उद्या बघा, तीन दिवसांनी बघा, मग आठवड्यानं. आणि प्रत्येक वेळी मराठी अर्थ झाकून स्वतःचं वाक्य करायला लावा, घरातलं, आजीचंसुद्धा चालेल.

उच्चारांचं राहिलं. शब्दकोश कसा बघायचा तेही राहिलं. फक्त एक करा, घरी गेल्यावर पोरांना मोठ्या इंग्रजी कोशात ‘मंगूस’ काढायला सांगा. व्युत्पत्तीत ‘मराठी’ लिहिलेलं सापडेल. आपलंच मुंगूस आहे ते, पोर्तुगिजांच्या हाताला धरून गेलेलं. हो, हो, उठतोय. हॉलची किल्ली घेऊन दारात उभे असलेले काका स्ट्रिक्ट दिसतात.